गंजाडचं मुसळ, आगरची होडी

मित्रांनो, मी जुना आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझं वय मला ठाऊक आहे आणि त्याची मला लाजही वाटत नाही. झाड म्हणाल तर मी खैर. पन्नासएक वर्षं मी गंजाडच्या एका घरात मुसळ म्हणून काढली. आणि आज? आज मी आगरच्या खाडीत, सुदामच्या होडीच्या बुडाशी, पाण्याखाली बसलोय. छातीएवढा उंच होतो, आता मुठीएवढा उरलोय. माझ्या पोटातून स्टीलचा एक शाफ्ट, म्हणजे दांडा, फिरतो. त्याच्या एका टोकाला पंखा आहे आणि दुसऱ्या टोकाला साखळीनं जोडलेली सायकलची पायडलं. सुदाम पाय मारतो, पंखा फिरतो, होडी चालते. आणि त्या गरगरणाऱ्या शाफ्टला जागच्या जागी धरून कोण बसलंय? मी! वर्कशॉपवाले मला बुश म्हणतात. म्हणोत बापडे.

तुम्ही लोक एखादं काम फुकट गेलं की म्हणता ना, "सगळं मुसळ केरात"? त्या म्हणीचा मला भारी राग आहे. मुसळानं तुमचं काय घोडं मारलंय? ती म्हण माझ्या तोंडावर म्हणून झाली, भर धक्क्यावर, चारचौघांदेखत. मग पुढं काय झालं तेच सांगतो. नीट ऐका.

गंजाडच्या वर डोंगराच्या उतारावर माझं झाड होतं. सागाला भाव असतो, आंब्याचे लाड होतात. खैराजवळ मात्र कुणी फिरकत नाही, कारण आमच्या अंगावर काटे. एका वादळात मी आडवा झालो. गावात चिमण नावाचा शेतकरी होता. भात आणि नाचणी पिकवायचा आणि उरलेल्या वेळात नांगर, मुसळं घडवायचा. त्यानं मला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि घरात न घेता थेट तळ्याच्या चिखलात पुरलं! मला इतका संताप आला म्हणून सांगू. अख्खा पावसाळा मी त्या चिखलात होतो. बाहेरचं पांढरं लाकूड किड्यांनी खाल्लं. आतला लाल गाभा मात्र त्यांच्या बापाला खाता आला नाही.

लोक विचारायचे, "चिमणबाबा, चांगलं लाकूड चिखलात का घालता?"

चिमण म्हणायचा, "खैर आधी भिजवायचा, मग घडवायचा. कोरडा घडवलास तर पुढं तोच तुला घडवील."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. पुढं ते एकीच्या लक्षात राहिलं नाही आणि त्यापायी केवढा गोंधळ झाला.

चिमणनं मला तासलं, दोन्ही टोकांना जाड ठेवलं, मधे मुठीत येईल असं बारीक केलं. एका टोकाला लोखंडी कडं ठोकलं. मला पाण्यात टाकलं तर बुडतो, इतका जड. घरातल्या बायका मला उचलून बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. मग चिमणची सून आली, बायजी. ती खाडीकाठची लेक, माहेर आगर. शेजारणी कुजबुजल्या, "मासळी खाणारी पोर, हिला काय भात कांडता येणार?" बायजीनं ते ऐकलं. पदर खोचला, मला उचललं आणि दोन पायली भात एका दमात कांडून बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

काय दिवस होते ते! बायजी आणि तिची सासू समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. ताल चुकला तर बोटं जायची, पण ताल कधी चुकला नाही. लग्नसराई आली की गावभरातून बोलावणं. माझ्या गळ्यात आंब्याची पानं बांधायचे, पाच सवाष्णी मला हात लावायच्या आणि मी हळद कुटायचो. "बायजीकडचंच मुसळ आणा, त्याची हळद पिवळीधमक होते," असं म्हणायचे. हळदीचा रंग हळदीचाच असतो हो, पण ऐकायला बरं वाटायचं. बायजीचा धाकटा भाऊ सुदाम, त्याच्या लग्नाला तर तिनं मला एसटीत घालून आगरला नेलं होतं. होडी चालवणाऱ्या भावाची हळद दुसऱ्या मुसळानं कुटलेली तिला चालणार नव्हती.

बायजीच्या हातांनी माझी कंबर झिजली. खरंच झिजली. तिच्या मुठीचा खळगा माझ्या लाकडात उतरला, काचेसारखा गुळगुळीत. वर्षानुवर्षांचा घाम आणि तेल त्यात मुरलं.

मग गावात गिरणी आली. पट्टा फिरायला लागला, पोती रांगेत लागली. मी दारामागं गेलो. पहिली दोन वर्षं बायजी मला पुसायची. पुढं कुणी पुसलं नाही. मग मला गोठ्याच्या दाराला अडसर केलं, मग कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. तीस वर्षं, मित्रांनो! तीस वर्षं मी वाळलो. लोखंडी कड्याला गंज चढला. त्या कोंबड्यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही लहान आहात.

आता आगरकडे चला. हे सगळं मी नंतर ऐकलं. होडीत माणसं फार बोलतात आणि मी खालून सगळं ऐकतो.

सुदाम तीस वर्षं खाडीवर होडीची फेरी करायचा. अलीकडे गाव, बाजार, शाळा. पलीकडे एक छोटा पाडा. पाड्यावरून कुणी "होडीऽऽ" अशी हाक दिली की सुदाम निघालाच. दहा माणसं असोत की एक. सुकी नावाची बाई पलीकडून भाजीची टोपली घेऊन यायची, बरेचदा एकटीच. तिच्यासाठीसुद्धा तो अख्खी खाडी ओलांडायचा. कुणी म्हणालं, "एका बाईसाठी कशाला वल्हं मारतोस?" तर म्हणायचा, "ती काय अर्धी बाई आहे?"

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक लाट आली आणि सुदामचा खांदा होडी आणि धक्का यांच्यामधे चेचला. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं, वल्हं मारायचं नाही, नाहीतर हात कायमचा जाईल. गावात लक्ष्याची इंजिनाची होडी होती. लक्ष्या वाईट नव्हता, पण होडी भरल्याशिवाय निघायचा नाही आणि ओहोटीत त्याचा पंखा गाळात रुतायचा. ग्रामपंचायतीत बैठक झाली. फेरीचं काम सुदामकडे ठेवायचं की लक्ष्याकडे द्यायचं?

सुदाम उभा राहिला. "माझा हात गेलाय. पाय शाबूत आहेत."

त्याची मुलगी रविना उठली. तिनं आयटीआय केलं होतं आणि डहाणूच्या एका वर्कशॉपात लेथवर, म्हणजे लोखंड-लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करायची. ती म्हणाली, "मी पायांनी चालणारी होडी करते."

लोक हसले. सरपंच हर्षदाताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "करून दाखव. चैत्र पुनवेला, उधाणाच्या ओहोटीत, माणसं घेऊन दहा फेऱ्या. मधे एकदाही वल्हं हातात घ्यायचं नाही. जमलं तर काम तुझ्या बाबांचं. नाही जमलं तर लक्ष्याचं."

पायडलं, साखळी, पंखा, हे रविनानं महिन्याभरात बसवलं. घोडं अडलं ते एकाच जागी. शाफ्ट पाण्याखाली जिथं फिरतो, तिथं त्याला धरायला काय बसवायचं?

तिच्या शेजारी वासुदेवकाका राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी मिशीवर हात फिरवत सांगितलं, "बॉल बेअरिंग टाक. अख्खी रेल्वे त्याच्यावर चालते." टाकलं. कोरड्यावर असं फिरलं की बघत राहावं. खाऱ्या पाण्यात बारा दिवस टिकलं. तेराव्या दिवशी आतून करकर सुरू झाली. उघडलं तर आत ग्रीसऐवजी गंजाची लापशी.

मग तिनं नायलॉनचा पांढरा बुश केला. गंजायचा प्रश्नच नाही! पण नायलॉन पाणी पितो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो फुगला आणि शाफ्टला असा आवळून बसला की हातोडीनं काढावा लागला. मग पितळ. पितळ बरं चाललं. पण आमच्या खाडीतला गाळ म्हणजे निव्वळ कानस. महिन्याभरात पितळ खाऊन त्यानं भोक मोठं केलं आणि शाफ्ट खडखड नाचायला लागला.

असे दिवस गेले आणि फाल्गुन आला. होळीला बायजी माहेरी आली. भाऊ अंगणात खांद्याला शेक देत बसलेला, भाची ओट्यावर तीन मेलेले बुश पुढ्यात मांडून बसलेली. बायजीनं तिन्ही उचलून पाहिले.

"एवढंच धरायचंय ना? फिरत्या लोखंडाला?"

"हो आत्या. पाण्यात, गाळात, ग्रीस न घालता."

"मग खैर घाल की. आमच्या सासऱ्यानं उसाच्या चरकाला खैर बसवला होता. लोखंडाला लोखंड खातं. खैर कुणाला खात नाही आणि कुणाला खाऊ देत नाही."

वासुदेवकाका कुंपणापलीकडून हसले. "बायजीताई, लाकडाचं बेअरिंग? कुठल्या जमान्यात आहात?"

"मी ज्या जमान्यात आहे त्यातच तुमची रेल्वे गंजली ना भाऊ?" बायजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गंजाडला गेली आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीत चढली. कोंबड्या उडवल्या, मला पुसलं, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, कुणाला झोडपायला निघालात?" ती म्हणाली, "आधी तिकीट फाड, मग सांगते." तीस वर्षांनी मला उजेड दिसत होता. मी तर उड्या मारल्या असत्या.

पण रविनानं मला पाहिलं आणि करवत खाली ठेवली. "आत्या, ह्यानं माझ्या आईची हळद कुटलीय. ह्याच्यावर करवत चालवू?"

"आणि दारामागं ठेवून कोंबड्यांना दिलं ते चाललं होय?" बायजीचा आवाज चढला. "तेव्हा कुणाला हळद नाही आठवली! अगं, काम करता करता तुटणं वेगळं आणि पडून पडून सडणं वेगळं." तिनं मला हळदकुंकू लावलं, पाया पडली, डोळे पुसले आणि करवत स्वतः हातात घेतली. पहिला वार तिनं केला. मला दुखलं. खोटं कशाला बोलू? पण मी हूं की चूं केलं नाही.

माझे तीन तुकडे झाले. दोन टोकं आणि मधली कंबर. रविना म्हणाली, "हा मधला भाग तुला आठवण म्हणून ठेव, तुझ्या हातांचा आहे. दोन टोकांत माझं काम होईल."

आणि इथं पोरगी चुकली. पुनव जवळ येत होती, तिला घाई झाली. तिनं माझं एक टोक तसंच लेथवर चढवलं. तीस वर्षं वाळलेलं लाकूड! वासुदेवकाकांनी सांगितलं होतं, "फिटिंग घट्ट ठेव, झोल नको." तिनं भोक अगदी शाफ्टच्या मापाचं पाडलं. चिमणचं ते वाक्य तिनं कधी ऐकलंच नव्हतं. बायजीच्या मनात आलं नाही, कारण तिला वाटलं, लेथवालीला एवढं कळत असेल.

सकाळी सरावासाठी होडी सुटली. पाच माणसं, त्यात सुकी. तीन फेऱ्या अशा झाल्या की सुदाम गाणं गुणगुणायला लागला. मी मात्र घाबरलो होतो. तीस वर्षांचा तहानलेला मी, पाणी पीत होतो, फुगत होतो. मला थांबता येईना. चौथ्या फेरीत, ओहोटी नुकती लागलेली असताना, खाडीच्या मधोमध मी शाफ्टचा गळा आवळला. पायडलं अडली. सुदामनं जोर लावला तशी साखळी तुटली. होडी आडवी झाली आणि ओहोटी तिला समुद्राकडे ओढायला लागली.

सुदामनं वल्हं उचललं. रविना धक्क्यावरून ओरडत होती, "बाबा, नको! बाबा, हात!" त्यानं ऐकलं नाही. होडीत माणसं होती. दहा-बारा वल्ही मारली आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की सुकी रडायला लागली. तेवढ्यात लक्ष्यानं इंजिन चालू केलं, दोर फेकला आणि होडी ओढून आणली. उपकार त्याचे. पण धक्क्याला लागल्यावर त्यानं होडीखाली वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय रविना, सगळं मुसळ केरात?"

सगळे हसले. मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या दिवशी मी जळालो.

सुदामचा हात गळ्यात बांधला गेला. रविना दोन वेळा जेवली नाही. "उद्या सगळं काढते आणि भंगारात देते," म्हणाली. "माझ्यामुळे बाबांचा हात जाईल."

बायजी तिच्याजवळ बसली. "तुकडा भिजवला होतास?"

"आत्या, ते लाकूड आहे. पापड नाही."

"अगं येडे!" बायजीनं कपाळाला हात लावला. "खैर आधी भिजवायचा, मग घडवायचा. माझ्या सासऱ्यानं ह्याला अख्खा पावसाळा चिखलात ठेवलं होतं. चूक माझीपण आहे, मी सांगितलं नाही. पण लाकडाला नावं ठेवू नको. त्याला तू पाणी दाखवलंस भोक पाडल्यावर, तो बिचारा काय करील?"

कुणीतरी माझी बाजू घेतली एकदाची!

पुनवेला तेवीस दिवस होते. बायजी गंजाडला परत गेलीच नाही. तिनं उरलेले तुकडे खाडीच्या गाळात पुरले. एक म्हणालात? नाही, दोन्ही. कंबरेचाही, रविनाला न सांगता. पुन्हा चिखल. पण ह्या वेळी मी कुरकुर केली नाही. तीन आठवडे पोट भरून पाणी प्यालो, फुगायचं तेवढं फुगून घेतलं.

तीन आठवड्यांनी रविनानं दुसरं टोक लेथवर लावलं, ओलंच्या ओलं. अर्ध्यात ते फाटलं. लोखंडी कड्याचा गंज आतपर्यंत गेला होता आणि तिथं चीर होती. पुनव परवावर आलेली. रविनानं फाटलेला तुकडा लेथवरून उतरवला.

बायजीनं पिशवीतून माझी कंबर काढली आणि पुढं धरली. पाणी ठिबकत होतं.

"हे नाही, आत्या. हे तुझ्या हातांचं आहे."

"आठवण काय चाटायचीय मला? भावाची होडी बुडाली तर ही आठवण घेऊन काय करू? लाव चाकाला."

त्या दिवशी वासुदेवकाका पण वर्कशॉपात आले होते. मग घसा खाकरून म्हणाले, "रविना, आधीचं घट्ट फिटिंग मीच सांगितलं होतं. ती माझी चूक. आता ऐक. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेव. आणि आतून लांब लांब तीन खाचा पाड. पाणी त्यातून वाहील, गाळ घेऊन जाईल." बायजी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आता बोललात कामाचं." काकांची मिशी हलली.

तर असा मी झालो. चिमणचा चिखल, बायजीची मूठ, काकांच्या खाचा आणि रविनाचा हात. नुसतं लाकूड निवडून भागत नाही, मित्रांनो. त्याचा स्वभाव कळावा लागतो.

चैत्र पुनव. दुपारी बाराला भरती टम्म भरली. आख्खं आगर धक्क्यावर. लोक कलिंगडं खात बसलेले, जणू जत्राच. हर्षदाताई वही घेऊन खुर्चीवर बसल्या. सुदामचा एक हात गळ्यात, दुसरा सुकाणूवर, पाय पायडलांवर. वल्हं रविनानं काढून धक्क्यावर ठेवलं होतं.

एक. दोन. तीन. मी मऊ, थंड, गप्प. पाणी माझ्या खाचांतून वाहत होतं आणि शाफ्ट माझ्यातून असा फिरत होता जशी बायजीची मूठ माझ्यावरून सरकायची. चार. लक्ष्या उठून उभा राहिला. चौथी झाली, पाचवी झाली.

आठव्या फेरीला पाणी उतरलं आणि पंखा गाळ उडवायला लागला. माझ्या पोटात रेती शिरली. एक खाच भरली, दुसरी भरली. मी किंचाळलो. कुर्रर्र, असा आवाज धक्क्यापर्यंत गेला. कुणीतरी म्हणालं, "गेलं!" रविनानं डोळे मिटले.

सुदाम थांबला. त्यानं जोर लावला नाही. तीस वर्षं त्यानं पाण्याशी बोलून काढली होती, त्याला आवाज ओळखता येतो. "घुसमटलंय," तो होडीतल्या माणसांना म्हणाला. "जरा खाकरू दे त्याला." आणि त्यानं पायडल उलटं मारलं. दोन वेळा उलटं, एकदा सुलटं. दोन वेळा उलटं. पाणी मागच्या बाजूनं माझ्यात घुसलं आणि गाळाचा काळा लोळ बाहेर पडला. मी मोकळा झालो.

आठ. नऊ. दहा!

धक्क्यावर शिट्ट्या झाल्या. बायजीनं भावाची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. पण बैठकीतला एक म्हातारा म्हणाला, "आज झालं, रोज होईल कशावरून? लक्ष्याच्या इंजिनाचा भरवसा जास्त." हर्षदाताई वही घेऊन विचारात पडल्या. हुज्जत सुरू झाली.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "होडीऽऽ!"

सुकी होती. एकटीच, डोक्यावर रिकामी टोपली. पाड्याच्या मागच्या वाटेनं कामाला गेली होती, आता तिला अलीकडे यायचं होतं, पोर शाळेत तिची वाट बघत होतं. लक्ष्यानं आपल्या होडीकडे पाहिलं. ती गाळात कलंडून पडली होती. तो ओरडला, "भरती आल्यावर येतो गंऽ!"

सुदाम होडीतून उतरला होता. घामानं निथळत होता. दहा फेऱ्या झालेल्या, जिंकायचं ते जिंकून झालेलं किंवा हरायचं ते हरून. अकरावी फेरी त्याला कुणी मागितली नव्हती. तो परत होडीत बसला आणि पाय मारायला लागला. आम्ही निघालो.

आम्ही सुकीला घेऊन परत आलो तेव्हा हर्षदाताईंची वही मिटलेली होती. त्या उठून उभ्या होत्या. "सुदामभाऊ," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळच्या शाळेच्या फेरीला वेळेवर या." बस, एवढंच. त्या म्हाताऱ्यानं मान खाली घातली. सुदाम होडीतच बसून रडला आणि रविना गुडघाभर गाळात उतरून त्याच्या गळ्यात पडली.

बायजी पण गाळात उतरली. तिनं वाकून पाण्यात हात घातला आणि मला चाचपलं. पोटात आता शाफ्ट फिरतो, पण बाहेरून तिच्या मुठीचा खळगा अजून थोडा शिल्लक आहे. तिच्या अंगठ्याला तो सापडला. मग तिनं रविनाला दम भरला, "पावसाळ्यात होडी वर ओढशील तेव्हा ह्याला ओल्या पोत्यात ठेवायचं. कोरडा पडला तर बघ!"

लक्ष्या? तो परवा संध्याकाळी बायजीला विचारत होता, "आत्या, घरात अजून एखादं मुसळ आहे का हो?" बायजी म्हणाली, "केरात बघ." मी पाण्याखाली इतका हसलो की शाफ्ट हलला.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. मला देव्हाऱ्यात ठेवू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच नको. तुमच्या घरात दारामागं कुणी उभं असेल, लाकूड असो, लोखंड असो की माणूस, तर त्याला पुसून नुसतं परत ठेवू नका. त्याला विचारा, काय येतं तुला? आणि त्याला काय मानवतं, पाणी की तेल, सैल की घट्ट, ते त्याला ओळखणाऱ्यांना विचारा. घाई करू नका. एवढं केलंत तर जुनं कधी म्हातारं होत नाही. मी अजून वीस वर्षं फिरेन. झिजेन, पण फिरून झिजेन.

पुरे आता. पलीकडून कुणीतरी हाक मारतंय. आवाजावरून एकच माणूस दिसतंय. निघायला हवं.